हप्त्याचे घर आणि घरची काटकसर

नागपूरच्या मध्यमवर्गीय घराचे आर्थिक वर्ष कागदोपत्री पहिल्या एप्रिलला सुरू होत असले तरी त्याची खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात. कारण मुलांची पुस्तके आणि शुल्क, वर्षभराचे धान्य, नात्यागोत्यातील लग्नकार्ये आणि झळा लागू लागताच माळ्यावरून उतरवावा लागणारा कूलर, हे सारे खर्च फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या अवघ्या काही महिन्यांत एकापाठोपाठ एक दाराशी येऊन उभे राहतात, आणि ज्या घरावर गृहकर्जाचा किंवा पतसंस्थेचा हप्ता आधीच बसलेला आहे, त्या घराला नेमक्या याच दिवसांत नव्या कर्जासाठी हात पसरण्याची पाळी येते.

अशा घरांना काटकसरीचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. दिवे मालवा, रिक्षा टाळा, बाहेरचे खाणे सोडा, हे सांगायला कोणाचीच आडकाठी नसते. परंतु असे वाचवलेले पैसे पुढे कोठे गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा त्याच प्रश्नात आहे. वाचलेला रुपया त्याच महिन्यात कर्जाच्या मुद्दलात जमा झाला नाही, तर तो वाचला असे मानण्यात अर्थ नाही. तो पुढच्या सणाला, पुढच्या पाहुण्याला किंवा पुढच्या दुकानदाराला गेलाच म्हणून समजावे. काटकसर करणाऱ्या घरांचेही कर्ज वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

थोडा हिशेब मांडून पाहू. दहा लाखांचे गृहकर्ज दरसाल शेकडा ९ दराने वीस वर्षांच्या मुदतीवर घेतले, तर दरमहा हप्ता सुमारे ८,९९७ रुपये पडतो. त्यातले पहिल्या महिन्यात ७,५०० रुपये केवळ व्याजापोटी जातात आणि मुद्दल जेमतेम पंधराशेनी कमी होते. घरातल्या बारीकसारीक काटकसरीतून त्याच कुटुंबाने पहिल्यापासून दरमहा आणखी एक हजार रुपये मुद्दलात भरले, तर व्याजाचा दर तोच राहिला असे धरून कर्ज २४० महिन्यांऐवजी सुमारे १८६ महिन्यांत फिटते, म्हणजे साडेचार वर्षे आधी, आणि एकूण व्याजात तीन लाखांच्या आसपास बचत होते. दिवसाला हे तेहतीस-चौतीस रुपये झाले. ज्यांना लहान बचतीविषयी तुच्छता वाटते त्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या कर्जाचे आकडे घालून करून पाहावा. मुदतीच्या आरंभी भरलेला रुपया उरलेली सारी वर्षे व्याज वाचवतो, तर शेवटी भरलेल्या रुपयाला ती संधी मिळत नाही; म्हणून सुरुवातीची वर्षे विशेष मोलाची.

या शहराला कर्जाची ओळख नवी नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि पगारावर जगणारा मोठा कामगारवर्ग नागपुरात उभा राहिला. अशा कामगारांच्या ऋणाची चौकशी पुढे १९२९ साली नेमलेल्या व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने केली, ना. म. जोशी हेही त्या आयोगाचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने असे नमूद केले की देशातील बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुसंख्यांच्या डोक्यावरील रक्कम तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. रुपयामागे महिन्याला एक आणा हा तेव्हा सर्रास चालणारा दर होता. एक आणा ऐकायला किती किरकोळ वाटतो! सोळा आण्यांच्या रुपयावर दरमहा एक आणा म्हणजे दरसाल शेकडा पंचाहत्तर, आणि हा गुणाकार ऋणकोच्या मनात कधी होऊ न देणे यातच सावकाराचे सारे कौशल्य होते. आपल्या धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली होती खरी. पण अशिक्षित गिरणीकामगाराच्या अंगठ्यापुढे तो नियम किती टिकणार? अखेर मध्यप्रांत सरकारला १९३६ साली औद्योगिक कामगारांच्या कर्जाची तडजोड व फेड करण्यासंबंधी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ऋणकोंना तगाद्याच्या जाचापासून संरक्षण देणारा दुसरा. कामगाराने आपले एकूण देणे अधिकाऱ्यापुढे मांडावे, ते तपासून निश्चित व्हावे आणि त्याच्या ऐपतीप्रमाणे हप्त्यांनी फिटावे, ही पहिल्या कायद्यामागची कल्पना होती.

सर्व देणे एका कागदावर मांडणे, हे त्या कायद्यातले पहिले पाऊल आजच्या घरालाही तितकेच आवश्यक आहे, आणि ते सरकारने सांगण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गृहकर्ज, वाहनाचे कर्ज, पतसंस्थेची बाकी, इतवारीच्या सराफाकडे गहाण ठेवलेल्या बांगड्या, मेव्हण्याकडून घेतलेली हातउसनी रक्कम आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी, हे सारे एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर दर मांडला की चित्र स्पष्ट होते. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांप्रमाणे आकारणी होत असेल, तर वीस हजारांच्या बाकीवर महिन्याला सातशे रुपये व्याज चढते. तेवढेच व्याज शेकडा ९ दराच्या गृहकर्जातील त्र्याण्णव हजारांवर पडते. तेव्हा घरातील प्रत्येक वाचलेला पैसा प्रथम या वीस हजारांकडे गेला पाहिजे. पुष्कळ माणसे मोठ्या कर्जाच्या धास्तीने गृहकर्जात दोन-चार हजार जादा भरतात आणि कार्डाची केवळ किमान रक्कम भरून स्वस्थ बसतात. रुपयामागे आण्याची जुनी भूल इथे नव्या कागदावर छापून आलेली असते.

काटकसर नोंदवण्याची सर्वांत उत्तम पद्धत मी महालातील एका जुन्या घरात पाहिली. निवृत्त शिक्षकाच्या पत्नीने ठेवलेली ती लांबट वही होती; डावीकडे जमा, मध्ये खर्च आणि उजवीकडे, बहुतेकांच्या रोजकीर्दीत नसते ते, ‘वाचले’ असे तिसरे सदर. बडकस चौकापासून कॉटन मार्केटपर्यंत रिक्षा न करता पायी गेल्या, तर रिक्षाचे भाडे तिसऱ्या सदरात. चादर उसवली ती शिंप्याकडे न देता घरी शिवली, तर शिलाई तिसऱ्या सदरात. हिवाळ्यात पाहुण्यांसाठी मिठाई न आणता स्वस्त झालेल्या कोथिंबिरीच्या सांभारवड्या केल्या, तर फरकाची रक्कम तिसऱ्या सदरात. मात्र नियम असा की, तेवढी रोख रक्कम हातातून निघून पितळी डब्यात पडल्याशिवाय नोंद करायची नाही. न घेतलेल्या साडीचे हजार रुपये वाचले अशी फुशारकी त्या वहीत चालत नव्हती. कारण ते हजार रुपये मुळात हाती नव्हतेच. पगाराच्या दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होई, रक्कम पतसंस्थेत भरली जाई आणि पावती त्याच पानावर खळीने चिकटवली जाई. आता पैसा फोनवरून जातो आणि जाताना हाताला जाणवत नाही, म्हणून या पद्धतीची गरज वाढली आहे. डब्याच्या जागी वेगळे बचत खाते ठेवावे आणि जे वाचले ते त्याच संध्याकाळी तिकडे वळते करावे.

स्वयंपाकघरात विदर्भातील बायकांना शिकवण्यासारखे काही नाही. तुरीचे नवे पीक आले की वर्षाची डाळ भरावी, तिला एरंडेलाचा हात लावावा, चैत्रातल्या उन्हात गहू वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासह कोठीत ठेवावेत म्हणजे सोंडे लागत नाहीत, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटेच शिजवून, ऊन चढण्यापूर्वी गच्चीवर सोऱ्याने घालायच्या, पलीकडे सांडगे आणि पापड पसरायचे, हा येथील उन्हाळ्याचा नित्यक्रम. नागपूरचे जे ऊन माणसाला नकोसे होते त्याचाच असा उपयोग करून घेणाऱ्या त्या गृहिणींचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु हप्त्याच्या घरात एक सावधगिरी हवी. कळमन्याच्या किंवा इतवारीच्या बाजारातून वर्षाचे धान्य एकदम घेतल्याने समजा शेकडा दहा-बारा वाचले, आणि ती खरेदी कार्डावर उधारीने केली, तर काय होते? धान्य महिन्यामहिन्याने संपत जाते आणि पैसेही तसेच फेडले जातात असे समजून सरासरी सहाच महिन्यांचे व्याज धरले, तरी वरील दराने ते शेकडा एकवीस होते. म्हणजे बचत म्हणून केलेला व्यवहार उघड तोट्याचा. त्यासाठी आदल्या दिवाळीपासून दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवून रोखीने धान्य भरावे. ते जमले नसेल त्या वर्षी महिन्याचाच किराणा आणावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

विजेचे बिल हा या शहरातला दुसरा मोठा विषय. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता, आणि नवतपाच्या दिवसांत थंड हवेशिवाय राहावे असे कोणाला सांगणे निर्दयपणाचे होईल. प्रश्न आहे तो यंत्राच्या निवडीचा. सुमारे दोनशे वॅटचा कूलर रात्रीचे आठ तास चालला तर महिन्याला पन्नासएक युनिटे लागतात. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला एक ते दीड युनिट ओढत असेल, तर तेवढ्याच तासांना २४० ते ३६०. घरगुती वापरात पहिली शंभर युनिटे, मग तीनशेपर्यंतची, मग पाचशेपर्यंतची, अशा चढत्या टप्प्यांनी दर लागतो. टप्पा ओलांडल्यावर सगळ्या युनिटांचा दर वाढत नाही, वरच्याच युनिटांचा वाढतो, पण ती वरची युनिटे बहुधा थंड हवेचीच असतात. येथील हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम काम देतो. त्याच्या ताट्यांवर साचलेले क्षार हंगामापूर्वी धुऊन काढावेत, गवत काळे पडले असेल तर बदलावे, कूलर सावलीच्या बाजूच्या खिडकीत बसवावा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. दारेखिडक्या बंद करून कूलर लावणारी घरे मी कितीतरी पाहतो. ओली हवा आत कोंडते, गारवा येत नाही, आणि मग दोष कूलरला देऊन वातानुकूलन यंत्र हप्त्यावर आणले जाते. एका न उघडलेल्या खिडकीपायी असे नवे कर्ज घरात शिरते!

कोठे कात्री लावू नये, हेही सांगितले पाहिजे. औषधे, मुलांचे दूध, आरोग्यविम्याचा हप्ता, यांवर केलेली काटकसर पुढे दवाखान्याच्या बिलात व्याजासह वसूल होते. घरातील काटकसरीचा भार बहुधा मुकाट्याने गृहिणीच्या ताटावर पडतो, आणि हा अन्याय कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही म्हणून तर तो अधिक दुःखद आहे. निदान एका हप्त्याइतकी रक्कम, जमल्यास तीन हप्त्यांची, अडीअडचणीसाठी राखून मगच मुद्दलाकडे वळावे. आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून खाल्लेले तर्री-पोहे बंद करू नयेत. कर्जफेड हे पंधरा-वीस वर्षांचे काम आहे. ज्या घरातून आनंद हद्दपार झाला, त्या घराचा संयम तिसऱ्या वर्षीच सुटतो.

भिशीचा मोह नागपूरच्या मोहल्ल्यामोहल्ल्यात आहे. ओळखीच्या बारा बायकांची साधी, सोडतीची भिशी शिस्त लावते. ज्या महिन्यात आपली पाळी येईल त्या महिन्यात ती रक्कम सरळ महागड्या कर्जात भरता आली तर तिचा लाभच आहे. बोलीच्या भिशीत मात्र गरजू माणूस मोठी सूट सोडून रक्कम लवकर उचलतो. ते नाव बदललेले कर्जच होय, आणि चालक बेपत्ता झाला तर दाद मागायला हाती कागद नसतो.

राहिला जादा रक्कम भरण्याचा व्यवहार. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्याबद्दल बँकांनी दंड आकारू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच दिला आहे. तरीही दंडाच्या भीतीने पैसे अडवून ठेवणारी माणसे आजही आढळतात. रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहावे की हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी, कारण हप्ता कमी करून मुदत कायम ठेवली तर लाभाचा मोठा भाग हातचा जातो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि मुद्दलाची नवी बाकी दाखवणारा उतारा मागून घ्यावा. शेवटचा हप्ता फिटल्यावर मूळ दस्तऐवज तीस दिवसांच्या आत परत करणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. तिच्यामुळे विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. दस्तऐवज हाती येताच बेबाकीचा दाखला घेऊन नगर भूमापन कार्यालयात जावे, आणि मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढवलेला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा; तो नोंदीत तसाच राहिला, तर पुढे वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी मुलांना त्यासाठी कचेरीचे खेटे घालावे लागतात.