शंकूच्या आकाराचे बुबुळ

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, काहींच्या बाबतीत पातळ होत जाऊन शंकूसारखा पुढे येतो. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. अक्षरे फाकतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्यांत तो अधिक आढळतो.

आपल्या नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या 4,711 लोकांपैकी 2.3 टक्क्यांत हा विकार दिसला. (निकष जरा कडक केला की आकडा झपाट्याने उतरतो, हेही सांगितले पाहिजे.) पण ही सारी माणसे तिशीपुढची! विकार मात्र बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो आणि मुलांत अधिक वेगाने वाढतो. सौदी अरेबियातील रियाध येथे दुसऱ्याच कारणासाठी इस्पितळात आलेली 522 मुले व तरुण तपासले, तेव्हा 4.79 टक्क्यांत तो निघाला. हे 2018 सालचे.

उपाय आहे. रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण सोडले की पारपटल कडक होते. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 साली ही पद्धत मांडली. मात्र तिने वाढ थांबते, गेलेली नजर सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून वय महत्त्वाचे.

आमच्या गावच्या शाळेत भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेत. त्याने नंबर कळतो, पडद्याचा आकार नव्हे. आकार मोजणारे यंत्र महाग. म्हणून बंगळूरच्या संशोधकांनी 2021 साली मोबाईलला जोडायचे स्वस्त साधन तयार केले. तसले साधन आधी खेड्यातल्या शाळेत यावे, असे मला वाटते.