माळ्यावरचं झबलं आणि गावातला खून

‘आमिश कादंबरी’ म्हटलं की आपल्याला पटकन अमीश त्रिपाठी आठवतात. त्यांचा इथे काही संबंध नाही. आमिश हा अमेरिकेतला, घोडागाडीतून फिरणारा ख्रिस्ती पंथ. बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’नंतर (१९९७) त्याच्यावरच्या कादंबऱ्यांना बहर आला. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात, लग्न तोंडावर आलेल्या केटी लॅपला माळ्यावर तान्ह्या बाळाचं साटिनचं झबलं सापडतं. साध्यासुध्या कपड्यांच्या घरात साटिन! तिथून तिच्या जन्माचं गुपित उलगडत जातं.

गंमत म्हणजे या बहुतेक लेखिका स्वतः आमिश नाहीत. लिंडा बायलर हा ठळक अपवाद. प्रणय सोवळा, शिवीगाळ वर्ज्य, शेवटी श्रद्धेचा जय: चार पुस्तकांनंतर हा साचा कंटाळवाणा होतो. लिंडा कॅस्टिलो यांचा रस्ता वेगळा. ‘स्वॉर्न टू सायलेन्स’मधली (२००९) केट बर्कहोल्डर आमिश जगणं सोडून ओहायोतल्या गावाची पोलीसप्रमुख झालेली, आणि खून चांगलेच रक्तरंजित. रहस्य म्हणून ही कादंबरी कितीतरी सरस. पण ती सोज्वळ ख्रिस्ती कथा नव्हे. हळव्या वाचकांनी लुईसबाईंपासूनच सुरुवात करावी.