बकध्यान

बगळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ढोंगी साधू उभा राहतो. एका पायावर उभा राहणारा, डोळे मिटल्यासारखे करणारा आणि मासा जवळ येताच गट्ट करणारा! ‘बकध्यान’ हा शब्दच आपण लबाडीसाठी राखून ठेवला आहे. परंतु गेली दोन वर्षे पांझरेच्या काठावर कॅमेरा घेऊन बसल्यापासून माझे मत साफ पालटले आहे. बगळ्याचे ध्यान खोटे नाही. ते पोटासाठी केलेले खरेखुरे ध्यान आहे, आणि ते कॅमेऱ्यात पकडायचे तर आपल्यालाही तेवढेच ध्यान लावावे लागते. ते कसे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझे छायाचित्रण मुख्यतः पौष महिन्यात चालते. कारण साधे आहे. कॅमेरा माझा नाही, मामेभावाचा आहे. तो लग्नाचे फोटो काढतो आणि पौषात लग्ने नसतात. योगायोग असा की, हाच काळ खानदेशात पाणपक्षी पाहण्याचा. थंडीत उत्तरेकडून पाहुणे पक्षी आलेले असतात, पावसाळ्यात तुडुंब भरलेले पाणी ओसरू लागलेले असते आणि काठाकाठाने उथळ पाण्याची पट्टी उघडी पडते. चिखलात पाय रोवून मासे धरणाऱ्या पक्ष्यांना हवे असते ते एवढेच, घोट्याएवढे किंवा गुडघ्याएवढे पाणी.

आपल्या खानदेशात अशा जागा पुष्कळ आहेत. भुसावळ तालुक्यात तापीवर एकेचाळीस दरवाजांचे हतनूर धरण आहे. वरच्या अंगाला चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते. पूर्णा आपल्याबरोबर मोठा गाळ आणते आणि तो धरणात साचतो. धरणात पाणी कमी मावते म्हणून माणसाला हा गाळ नकोसा, पण त्याच गाळाने झालेला उथळ काठ म्हणजे पक्ष्यांचे भरले ताट! जळगाव शहरातला मेहरूण तलाव, धुळ्याजवळचा नकाणे तलाव याही अशाच जागा. आणि आमच्या पांझरेवर तर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणी वाटून घ्यायची ही रीत काही शतकांची आहे. बंधाऱ्यावरून पाण्याची पातळ चादर खाली पडते, तिच्याबरोबर लहान मासे घसरतात आणि खाली बगळे रांगेने वाट पाहत असतात. मी प्रथम बसलो तो अशाच एका बंधाऱ्याखाली.

छायाचित्र काढण्याआधी पक्षी ओळखावा लागतो, कारण प्रत्येकाची मासेमारी निराळी. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पावले मात्र पिवळी, जणू पिवळे मोजे घातलेले. हा स्वस्थ उभा राहत नाही. एक पाऊल चिखलात थरथरवून तो दडलेले मासे आणि झिंगे बाहेर काढतो. राखी बगळा मात्र अर्धा-अर्धा तास खांबासारखा उभा राहील. ढोकरी तर मातीच्या रंगाची. उडाली की पांढरे पंख दिसतात आणि मग कळते की इथे कोणी बसले होते! चित्रबलाकाची तऱ्हा आणखी वेगळी. तो डोळ्यांवर भिस्त ठेवत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालत राहतो आणि माशाचा स्पर्श झाला की चोच मिटते. त्याच्या अमेरिकेतील एका भाऊबंदावर 1960 च्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा ही चोच सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात मिटते असे आढळले. चमचा पक्षी आपली चपटी चोच विळा चालवल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवतो.

बगळ्याची मान हे तर निसर्गाचे यंत्रच आहे. तिच्यातला सहावा मणका लांब आणि वेगळ्या घडणीचा असतो, त्यामुळे मान मध्येच दुमडते आणि गोफणीसारखी सुटते. शिवाय पाण्याची एक फसवणूक असते. ग्लासातल्या पाण्यात पेन्सिल ठेवली की ती वाकलेली दिसते. तसाच मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. दिसतो तिथे चोच मारली तर उपास ठरलेला. बगळा हे अंतर बरोबर सांभाळून मारतो. तरीही त्याचे अनेक वार फुकट जातात. मी एका सकाळी मोजले. एका लहान बगळ्याने सतरा वेळा चोच मारली आणि मासे मिळाले पाच.

आता कॅमेऱ्याकडे वळू. पहिली गोष्ट वेग. साध्या वेगाने काढले तर मान धुरासारखी येते. म्हणून पडदा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरताच उघडेल असे ठेवावे. दुसरी गोष्ट पांढरा रंग. मागचे पाणी काळसर असले की कॅमेरा फसतो, उजेड जास्त घेतो आणि बगळ्याची पिसे जळून पांढरा डाग उरतो. म्हणून उजेड थोडा कमी करून घ्यावा. तिसरी गोष्ट बसण्याची जागा. सूर्य पाठीशी असावा, वेळ उगवतीपासून दोन तासांची असावी आणि आपण शक्य तितके खाली, पोटावर झोपलेले असावे. उभ्याने काढलेल्या फोटोत बगळा मातीला चिकटलेला दिसतो. खालून काढला की तो आपल्या बरोबरीचा दिसतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. चोच पाण्यात गेलेली पाहून बटण दाबले तर हमखास उशीर होतो. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि तेवढ्यात बगळ्याचा मासा घशाखाली उतरलेला असतो. म्हणून वाराआधीच्या खुणा वाचाव्या लागतात. चालता चालता उचललेले पाऊल अधांतरी थांबते. मान किंचित मागे ओढली जाते. डोके जरा तिरके होते. अंग पुढे झुकते. या क्षणी बटण दाबून ठेवायचे. बाकी सारे बगळ्याच्या आणि आपल्या नशिबावर!

हे मला कोणी शिकवले नाही, चुकांनीच शिकवले. पहिल्या वर्षी एका राखी बगळ्याने मोठी चिलापी धरली होती. मला आणखी जवळून फोटो हवा होता, म्हणून मी उठून पुढे धावलो. तो दचकला, मासा टाकून उडाला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला. थंडीच्या सकाळी अर्धा तास उभे राहून मिळवलेले जेवण माझ्यामुळे गेले. फोटोही हलला तो हललाच. काठावर जाळे सोडवत बसलेले माझे आजोबा एवढेच म्हणाले, “काय करी र्‍हायना रे भाऊ? त्याना घास काबर पाडा?” आमच्या घरी मासेमारी पिढीजात आहे. हातातून सुटलेल्या माशाची किंमत आजोबांना ठाऊक होती. त्या दिवसापासून मी नियम केला. पक्षी आपल्याकडे पाहू लागला की थांबायचे. घरट्यांच्या झाडाजवळ तर जायचेच नाही.

आपल्याच जिल्ह्यातील चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) हे थोर छायाचित्रकार. आयुष्याचा मोठा काळ ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांनी जगभर नावाजलेली चित्रे निर्माण केली. तिथे प्रत्येक वस्तू कलावंताच्या आज्ञेत होती. बगळा मात्र कोणाच्या आज्ञेत नसतो. म्हणून या छायाचित्रणात मांडण्यापेक्षा वाट पाहणे अधिक.

बगळ्यांवर माणसाची नजर फार पूर्वीपासून आहे, पण ती चांगली नव्हती. विणीच्या हंगामात लहान बगळ्याच्या पाठीवर जाळीदार तुरे फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी त्या पिसांना मोठी किंमत येई आणि त्यापायी असंख्य बगळे मारले गेले. त्याविरुद्ध इंग्लंडमध्ये 1889 साली स्त्रियांनीच संस्था काढली. हिंदुस्थानातून पिसे परदेशी पाठवण्यास 1902 साली बंदी झाली. पुढे सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक 1941 साली निघाले आणि पक्षी मारण्याऐवजी पाहण्याचा छंद आपल्याकडे रुजत गेला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही आज पक्ष्यांच्या पाठीशी आहे.

पण धोका बंदुकीचाच असतो असे नाही. गेल्या पौषात मी एका लहान बगळ्याचे सलग वीसेक फोटो घेतले. तो पाय थरथरवून मासे उठवत होता, पण एकाच पायाने. दुसरा पाय तो उचलून आपटत होता. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर पिवळ्या पावलाला तंगुसाच्या तुटक्या जाळ्याचा पीळ बसला होता. तसले जाळे कोण वापरते, हे मला विचारायची गरज नव्हती. फाटलेले तुकडे आम्हीच काठावर टाकून येत होतो.

मी तो फोटो वडिलांना दाखवला. त्यांना वाचता येत नाही. कॉलेजात मी काय शिकतो, हे त्यांना नीट सांगणे मला आजवर जमलेले नाही. पण तो फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि पीळ कुठे आहे ते बोटाने स्वतःच दाखवले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डालक्याशेजारी एक रिकामे पोते दिसू लागले. तुटके तंगूस त्यात भरून घरी येते. आता शेजारच्या दोघांनीही तसे पोते केले आहे.

तो बगळा पुढे वाचला की नाही, हे सांगता येत नाही. सगळे लहान बगळे सारखेच दिसतात. काठावर गेलो की मी आधी त्यांची पावले पाहतो, मग फोटो काढतो. फोटोसाठी नजर स्थिर करायला शिकलो आणि त्या नजरेला आपल्या घरचीच चूक दिसली. ध्यान म्हणतात ते हेच असेल, तर बगळ्याला ढोंगी म्हणण्याआधी मित्रहो, एकदा थंडीच्या सकाळी त्याच्या शेजारी तासभर बसून पाहावे.