शंभराव्या विमानानंतर

२०१९च्या मे महिन्यात स्पाइसजेटच्या ताफ्यात शंभरावं विमान आलं. एअर इंडिया, जेट आणि इंडिगोनंतर हा आकडा गाठणारी ही चौथीच भारतीय कंपनी. त्याच वर्षात ताफा ११८पर्यंत गेला आणि नोकरवर्ग सोळा हजारांच्या घरात. २०२४च्या फेब्रुवारीत कंपनीने सुमारे १,४०० जणांची कपात ठरवली, तेव्हा उडणारी विमानं तीसेक उरली होती. त्यातलीही आठ दुसऱ्या कंपन्यांची, वैमानिकांसकट भाड्याने घेतलेली. किंगफिशर, जेट, गो फर्स्ट या कंपन्या कधी बंद पडल्या याची तारीख सांगता येते. स्पाइसजेटला अशी तारीखच नाही. ती वर्षानुवर्षं आटत गेली.

ही कहाणी समजून घ्यायची तर २०१४च्या डिसेंबरपासून सुरुवात करावी लागते. कंपनी तेव्हा सन समूहाच्या कलानिधी मारन यांच्याकडे होती. थकबाकी वाढली, भाडेपट्टीवरची बोइंग विमानं मालकांकडे परत जाऊ लागली आणि महिन्याभरात हजारावर उड्डाणं रद्द झाली. १७ डिसेंबरला तेल कंपन्यांनी उधारीवर इंधन द्यायला नकार दिला. सकाळपासून दुपारपर्यंत देशभरच्या विमानतळांवर लाल रंगाची विमानं टाकी भरण्याची वाट पाहत उभी राहिली. उड्डाणं सुरू झाली ती पार दुपार उलटल्यावर. पुढच्याच महिन्यात मारन यांचा सगळा, म्हणजे ५८.४६ टक्के, हिस्सा मूळ संस्थापकांपैकी एक असलेल्या अजय सिंह यांच्याकडे गेला आणि कंपनी तगली.

तगण्याचं श्रेय नव्या व्यवस्थापनाला भरभरून मिळालं. काही अंशी ते रास्तही होतं. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. २०१४च्या जूनमध्ये पिंपामागे ११५ डॉलरच्या आसपास असलेलं ब्रेंट तेल २०१५च्या जानेवारीत पन्नासच्या खाली आलं. भारतातल्या स्वस्त विमानसेवेच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा, त्यामुळे त्या वर्षी बहुतेक कंपन्यांचे ताळेबंद सुधारले. स्पाइसजेटने यातून काय धडा घेतला? पुढची वाटचाल पाहता माझं मत असं की, कळ काढली, देणेकऱ्यांना थोपवून धरलं की वारं फिरतं, हाच. पुढची दहा वर्षं कंपनी त्याच धड्यावर चालली.

चांगल्या दिवसांत मात्र हात आखडता नव्हता. २०१७च्या जानेवारीत बोइंगकडे २०५ विमानांपर्यंतची मागणी जाहीर झाली. छापील किंमत जवळपास दीड लाख कोटी रुपये, आणि त्यात मोठा भर ७३७ मॅक्स या नव्या, कमी इंधन पिणाऱ्या विमानावर. २०१९च्या मार्चमध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स कोसळलं. पाच महिन्यांपूर्वी इंडोनेशियात लायन एअरचं कोसळलं होतंच. भारतानेही मॅक्सवर बंदी घातली आणि स्पाइसजेटची १३ मॅक्स विमानं एका रात्रीत जमिनीवर आली. ती पुन्हा उडायला २०२१चा नोव्हेंबर उजाडला.

आता यात एक गंमत आहे, अर्थात हिशेबतपासनिसांना ती गंमत वाटली नाही. बोइंगकडून भरपाई मिळणारच असं धरून कंपनीने ती रक्कम उत्पन्न म्हणून वह्यांत मांडली. पैसे हाती यायचे होते, तडजोड व्हायची होती. लेखापरीक्षकांनी अहवालात हरकत नोंदवली.

मॅक्स उभी असतानाच, २०१९च्या एप्रिलमध्ये, जेट एअरवेज बंद पडली. तिची ७३७ विमानं मालकांच्या गळ्यात पडली होती, मुंबई आणि दिल्लीतल्या वेळा मोकळ्या झाल्या होत्या, वैमानिक नोकऱ्या शोधत होते. स्पाइसजेटने तीसेक विमानं उचलली. शंभरचा आकडा असा गाठला गेला. वर्षअखेर देशांतर्गत बाजारात तिचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास होता. आसनं सलग चार वर्षांहून अधिक काळ नव्वद टक्क्यांच्या वर भरत असल्याचं कंपनी अभिमानाने सांगत असे. विमानं भरत होती हे खरं. त्यातून पैसा उरत होता का, हा प्रश्न वेगळा. आणि मग कोविड आला.

स्वस्त विमानसेवेचं गणित सोपं पण निर्दय आहे. विमान बहुधा भाडेपट्टीवर असतं. त्याचं भाडं डॉलरमध्ये, महिन्याच्या महिन्याला, विमान उडो वा न उडो. वर इंजिनांच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी लागते. हे सगळं परवडतं ते विमान दिवसाला बारा-तेरा तास हवेत राहिलं तरच. दहा विमानं उभी राहिली की त्यांचं भाडं उरलेल्यांच्या डोक्यावर बसतं. मग उरलेल्यांच्या इंजिनांना कारखान्यात पाठवायला पैसे पुरत नाहीत, म्हणून आणखी दोन उभी राहतात. उभ्या विमानाचा एखादा भाग काढून उडणाऱ्याला बसवायचा, ही या धंद्यातली सर्वमान्य सोय. एसटीच्या डेपोत कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते विमान पुन्हा उडवणं किती महाग पडत असेल हे सांगायला नको. म्हणजे ताफा कमी झाला की खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. ठरवून लहान होणाऱ्या कंपनीला निदान कोणतं विमान आधी परत करायचं, कोणता मार्ग राखायचा, हे निवडता येतं. स्पाइसजेटच्या बाबतीत ही निवड बऱ्याचदा विमानमालक, इंजिनमालक आणि न्यायालयांनी केली.

२०२२च्या उन्हाळ्यात हे सगळं प्रवाशांच्या अंगावर आलं. जूनच्या मध्यापासून अठरा दिवसांत आठ बिघाड झाले. पाच जुलैला एकाच दिवशी दिल्लीहून दुबईला निघालेलं विमान इंधनदर्शक दिवा लागल्यामुळे कराचीला उतरवावं लागलं, आणि कांडलाहून मुंबईला येणाऱ्या विमानाच्या काचेला हवेत तडा गेला. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नोटीस बजावली. ती नोटीस वाचण्यासारखी आहे. २०२१च्या सप्टेंबरात केलेल्या आर्थिक पाहणीचा हवाला देऊन तीत म्हटलं होतं की कंपनी रोखीने माल घेत आहे, पुरवठादारांना वेळेवर पैसे मिळत नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई आहे आणि ‘एमईएल’चा वारंवार आधार घेतला जातो. एमईएल म्हणजे कोणतं उपकरण बंद असतानाही ठरावीक मुदतीपुरतं उड्डाण करता येतं, याची मंजूर यादी. ही यादी वापरणं बेकायदा मुळीच नाही. पण ज्या कंपनीला सुटा भाग घ्यायला पैसे नाहीत, तिच्यासाठी ती मुदत उधारीची मुदत होऊन बसते.

२७ जुलैला डीजीसीएने आठ आठवड्यांसाठी उड्डाणं निम्म्यावर आणली. उन्हाळी वेळापत्रकात कंपनीला आठवड्याला ४,१९२ उड्डाणं मंजूर होती; आता २,०९६. यावर कंपनीने काय म्हणावं? आमचं एकही उड्डाण यामुळे रद्द होणार नाही. आणि ते खोटं नव्हतं! मंदीच्या हंगामामुळे उड्डाणं आम्ही आधीच कमी केली आहेत, असं तिचं स्पष्टीकरण. थोडक्यात, मंजूर वेळापत्रक आणि प्रत्यक्ष उड्डाणं यांत इतकी तफावत होती की निम्मी कपात करूनही शिक्षा लागू पडली नाही. पुढे हे निर्बंध ऑक्टोबर अखेरपर्यंत वाढवले गेले.

यानंतरचा काळ बराचसा न्यायालयांच्या आवारात गेला. क्रेडिट सुइस या स्विस बँकेच्या थकबाकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये अजय सिंह यांना हप्ते चुकवलेत तर तुरुंगात जावं लागेल, इतक्या स्पष्ट शब्दांत सुनावलं. विमानं भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्या दिवाळखोरीचे अर्ज घेऊन कंपनी न्यायाधिकरणात जात होत्या. २०१५च्या हस्तांतरावरून मारन यांच्याशी लवादाचं भांडण चालूच होतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाडं थकलेली तीन इंजिनं उतरवून मालकांना परत करायला सांगितलं, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. दर वेळी काहीतरी तडजोड निघे, थोडे पैसे भरले जात, पुढची तारीख पडे. देणेकऱ्यांना हाताळण्याची ही कला मात्र स्पाइसजेटइतकी दुसऱ्या कुणाला साधली नाही. गो फर्स्टने २०२३च्या मे महिन्यात स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती पुन्हा कधीच उडाली नाही.

या कलेची किंमत आत काम करणाऱ्यांनी मोजली. पगार उशिरा, पीएफ थकलेला. २०२४च्या ऑगस्टमध्ये दीडशे केबिन कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर धाडलं गेलं. किंमत लहान गावांनीही मोजली. शिर्डी, नाशिक, दरभंगा अशा ठिकाणी स्पाइसजेटने विमानं नेली होती, आणि ताफा आटला की मोठ्या शहरांच्या आधी अशाच मार्गांवर गदा येते.

२०२४च्या सप्टेंबरात कंपनीने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून तीन हजार कोटी रुपये उभे केले. थकलेले पगार, जीएसटी, टीडीएस, पीएफ यांची तोंडमिळवणी सुरू झाली, काही विमानमालकांशी समझोते झाले, जमिनीवरची विमानं दुरुस्तीला काढली गेली. बाजारातला वाटा तोवर दोन टक्क्यांवर आला होता. हंगामापुरती बाहेरून विमानं आणून ताफा फुगवायचा आणि हंगाम सरला की परत करायचा, असा आता रिवाज पडला आहे. ही विमानं महाग पडतात, पण लगेच मिळतात.

१२ सप्टेंबर २०२५ला कांडलाहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाचं बाहेरचं एक चाक उड्डाणानंतर कांडल्याच्या धावपट्टीवर सापडलं. मुंबईला विमान नीट उतरलं, प्रवाशांना इजा झाली नाही. एका घटनेवरून कंपनीचं भविष्य सांगू नये हे मान्य. पण तिकीट काढणाऱ्याला कंपनीची प्रकृती कळायला अशा बातम्यांखेरीज दुसरा मार्ग नसावा, हे मान्य करता येत नाही. डीजीसीए दर महिन्याला प्रवासीसंख्या, बाजारातला वाटा, वक्तशीरपणा प्रसिद्ध करतं. त्याच तक्त्यात प्रत्येक कंपनीची मंजूर उड्डाणं किती, प्रत्यक्ष उडण्याजोगी विमानं किती आणि त्यांतली परक्यांची किती, असे आणखी तीन रकाने घालायला हवेत. आकडे महासंचालनालयाच्या हाताशीच आहेत. हिवाळी वेळापत्रक मंजूर करताना ते लोकांसमोर ठेवावेत.