एकाच ब्रूडरमध्ये कोंबडी आणि बदकाची पिल्ले

कोंबड्यांच्या जोडीला थोडी बदके पाळणाऱ्यांनी दोन्ही पिल्लांसाठी एकच ब्रूडर वापरल्यास विजेचा खर्च वाचतो. मात्र ओलावा सांभाळला नाही तर वाचलेल्या पैशांपेक्षा नुकसानच जास्त होते.

कोंबडीची अंडी २१ दिवसांत, तर बहुतेक बदकांची २८ दिवसांत उबतात. म्हणून बदकाची अंडी सात दिवस आधी उबवण्यास ठेवावीत. पहिल्या आठवड्यात बल्बखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे; पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावे. बदकाच्या पिल्लांना ऊब थोडी कमी लागते, म्हणून बल्ब एका टोकाला लावावा.

बदकाची पिल्ले पाणी उडवतात. भुसा भिजला की कोंबडीची पिल्ले गारठतात, रक्ती हगवणही फैलावते. यासाठी पाण्याचे भांडे जाळीवर ठेवून खाली परात ठेवावी आणि ओला भुसा रोज काढावा.

बदकांना नायसिन जास्त लागते; ते कमी पडल्यास पाय वाकतात. खाद्यात यीस्ट मिसळावे. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा पेंड देऊ नये. त्यातील विषाने बदकाची पिल्ले लवकर दगावतात.

आठवडाभरानंतर मधे जाळी लावून दोन्ही पिल्ले वेगळी करणे फायद्याचे ठरते.