पडदा नसलेलं दुकान

गोव्यातली तावेर्न म्हटलं की आमच्याकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर बार उभा राहतो. त्यात त्यांचा दोष नाही. मी कोल्हापूरकडचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि आमच्या भागात पिणं ही चोरून करायची गोष्ट झाली. पुढं बंदी सैल झाली, परवान्यावर मिळू लागली, आणि त्या परवान्यावरूनच ‘परमिट रूम’ हे नाव पडलं. दाराला जाड पडदा, आत मिणमिणता लाल दिवा, आणि निघताना आधी मान बाहेर काढून रस्ता पाहून घ्यायचा. हे चित्र मनात घेऊनच मी १९७८ साली बदलीवर सासष्टी तालुक्यातल्या एका गावात आलो. खोली मिळाली ती नेमकी तावेर्नेच्या समोर.

तिथं पडदाच नव्हता. घराचीच पुढची खोली, रस्त्याकडे सताड उघडं दार, दोन बाकं, एक लांब टेबल. फळीवर मेणबत्त्या, काड्यापेट्या, साबणाच्या वड्या. बरणीत मिठातली कैरी, ताटलीत उकडलेली अंडी. कोपऱ्यात वेताच्या विणीत बसवलेलं काचेचं मोठं पोटाळ भांडं. त्याला गाराफांव म्हणतात. फेणी त्यात. मालकीण पन्नाशी ओलांडलेली विधवा होती. सगळं गाव तिला ‘बाय’ म्हणे, मीही तेच म्हणू लागलो.

फेणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नुसत्या वासानं नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलं. नारळाची फेणी त्याच्याही आधीची. रेंदेर माडावर चढून सूर काढतो, ती सूर आंबवून भट्टी लावायची. काजूचं काम मार्च ते मे. फळ झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलंच वेचतात. बी वेगळी करून बोंडं पायांनी तुडवायची, रस दोन-तीन दिवस आपोआप आंबू द्यायचा, मग भट्टीवर चढवायचा. पहिल्या वाफेचा तो हुर्राक, हलका, उन्हाळ्यापुरताच. हुर्राकात पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा गाळली की फेणी; तिच्यात मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या वर जातो. बाय नवा माल घेताना ग्लासात उंचावरून धार धरी आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघे. मणी लगेच फुटले की भट्टीवाल्याला परत पाठवी. फेणी हे नावच या फेसावरून, फेणावरून, आलं असं सांगतात.

पण मला बोलायचंय ते तिथं बसणाऱ्यांबद्दल. सहाच्या सुमारास पहिला रेंदेर येई, शेवटचा माड उतरून, कमरेला कोयती तशीच. मग पोदेर, म्हणजे पाववाला. तो पहाटे तीनला उठणारा, म्हणून अर्ध्या तासात जाई. निवृत्त पोर्तुगीज शाळामास्तर जुनं वर्तमानपत्र पुन्हापुन्हा वाचत. तिठ्यावरून मासे विकून परतणारी एखादी म्हातारी टोपली दारात ठेवून उभ्याउभ्या घोटभर घेई, पैसे पदराच्या गाठीतून काढून देई आणि चालू लागे. तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नसे. मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं.

आणि तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे. दहा महिने समुद्रावर, दोन महिने गावात. त्यांची पत्रं पोस्टमन पुष्कळदा बायकडेच टाकी, कारण घरी वाचणारं कुणी नसे; मास्तर ती वाचून दाखवत. मुंबईला धोबीतलावाच्या बाजूला गोव्याच्या गावागावांच्या ‘कुडी’ आहेत. बोट लागेपर्यंत खलाशांनी राहायचं ते तिथं. गावातून मुंबईला कोण निघालंय, कूडीत कुणाला काय पोचवायचं, हा सगळा हिशेब त्या टेबलावर होई. तियात्राच्या जाहिराती दाराला चिकटवलेल्या. १९८३ साली गोव्यानं बंगालबरोबर संतोष करंडक विभागून घेतला, तेव्हा तिथं रात्रभर गाणी चालली होती. झोपेचं खोबरं झालं, पण तक्रार कुणाकडे करणार? तक्रार ऐकणारी बाय स्वतःच गात होती.

सातला चर्चची घंटा वाजली की मात्र सगळं थांबे. ग्लास खाली, टोप्या हातात, सगळे उभे. दोन मिनिटं पुटपुट, मग धाकटे थोरांना म्हणत, ‘देव बरी रात दिवं.’ मलाही म्हणत. त्यानंतर पुन्हा गलका.

तावेर्नेला शिस्त होती ती या उघडेपणामुळं, असं माझं मत आहे. रस्त्यावरून बायको जाते, फादर जातो, मुलगा शाळेतून येतो. सगळ्यांना दिसतंय कोण कितव्या ग्लासावर आहे. बाय उधारीची वही ठेवी, त्यामुळं घरात किती पोचतंय आणि इथं किती सांडतंय हे तिला नेमकं ठाऊक. तिसऱ्यानंतर ती बूच लावी आणि म्हणे, ‘पुरो आतां, घरा वच.’ माणूस कुरकुरत जाई, पण जाई. म्हणून सगळे सुखरूप होते असं नाही. एका चांगल्या सुताराचं घर याच वहीत बुडालं. त्याच्या बायकोनं भर संध्याकाळी येऊन ती वही रस्त्यावर भिरकावली होती. बायनं ती उचलली, त्याचं पान फाडून तिच्या हातात दिलं आणि त्याला देणं कायमचं बंद केलं. मग तो पुढच्या गावात जाऊ लागला.

१९८६ च्या अखेरीस भाषेचा वाद पेटला. माणसं मेली, रस्ते अडवले गेले. कोकणी की मराठी? आणि मी मराठी बोलणारा, रोज त्याच बाकावर बसणारा. एका संध्याकाळी एका तरुणानं माझ्याकडे बघून काहीतरी तिखट म्हटलं. मास्तर गप्प झाले. बायनं फडकं खाली ठेवलं. ‘हांव हांगा सोरो विकतां, भास न्हय,’ एवढंच म्हणाली आणि माझ्या पुढ्यात अंड्याची ताटली सरकवली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही जागा राहिली. तो तरुण पुढं मला मराठी नाटकांच्या तारखा विचारी.

अशा तावेर्ना आता थोड्या उरल्यात. विदेशी धाटणीची मद्यं स्वस्त झाली, मुलं आखातात आणि पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली, रेंदेराच्या पोराला माडावर चढायचं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा महामार्गालगतच्या दारूविक्रीविरुद्धचा निकाल आला, त्याचा फटकाही गोव्यातल्या रस्त्याकडेच्या दुकानांना बसला. गंमत अशी की फेणीचा मान याच काळात वाढला. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. पणजीत काळ्या काचांच्या थंडगार खोलीत ती लिंबाच्या फोडीसकट उंच ग्लासातून मिळते. चवीला चांगली असते, खोटं कशाला बोलू. पण बाहेरून आत कोण बसलंय ते दिसत नाही, आणि बूच लावणारं कुणी नसतं.

बाय गेली, तिचं दार बंद झालं. दोन गावं सोडून एक तावेर्न अजून चालते, पाटी नाही, बाहेर फक्त एक बाक. गोव्याला गेलो की मी तिथं जातो. जायचं तर सातच्या घंटेआधी जावं, नंतर बाकावर जागा मिळत नाही.