गंधज्ञान आणि मेंदूचा दाह

संस्कृत शिकविणाऱ्या वाचकांना हितोपदेशातील एक सुभाषित परिचित असेल. विझलेल्या दिव्याचा वास न येणे हे आयुष्य सरल्याचे एक चिन्ह म्हणून त्यात सांगितले आहे. सुभाषितकाराने घ्राणेंद्रियाला जो मान दिला, तो वैद्यकाने त्याला फार उशिरा दिला. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी शाळांपर्यंत पोचली. वासाची तपासणी आजही क्वचितच होते.

याला आपली भाषाही थोडी साहाय्य करते. डोळे गेलेल्यास आंधळा म्हणावे, कान गेलेल्यास बहिरा. पण ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी बोलीत रूढ असा शब्द चटकन आठवत नाही. वासांच्या नावांची मात्र मुळीच वाण नाही. खमंग, खवट, कुबट, करपट, उग्र, दरवळ, घमघमाट, अशी यादी कितीही लांबविता येईल. नाकाचे वाक्प्रचारही पुष्कळ, परंतु ते बहुतेक अब्रूचे. शिवाय आपल्या रोजच्या बोलण्यात वास 'घेतला' जातो त्याहून अधिक वेळा तो 'येतो', आणि यायचा थांबला की दोष सहजच वस्तूच्या माथी जातो. मोगरा पूर्वीसारखा राहिला नाही, हिंग भेसळीचा आहे, आमटीला चव नाही, असे घरातील वडील माणसे म्हणू लागतात आणि म्हातारपणाचा चोखंदळपणा म्हणून आपण ते सोडून देतो. वस्तुतः ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वासच असतो.

नाकपुड्यांच्या अगदी वरच्या भागात गंध टिपणाऱ्या चेतापेशी असतात. मेंदूशी थेट जोडलेल्या असूनही बाहेरच्या हवेला उघड्या अशा या पेशी आहेत. त्यांचे तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन घ्राणकंद नावाच्या लहानशा भागात पोचतात. इतर इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमस या केंद्रातून जातात; वासाचा संदेश मात्र त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांच्या दाराशी जातो. अल्झायमरच्या रोगात विकृत प्रथिनांच्या गाठी ज्या भागांत आरंभी आढळतात, त्यांत हे स्मृतीचे दारही आहे.

कंपवाताचे पहिले सविस्तर वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली केले. त्याच्या व्याख्येत या रोगात इंद्रिये आणि बुद्धी अबाधित राहतात असे म्हटले आहे. इतका साक्षेपी निरीक्षक, पण रोगी वासाची तक्रार घेऊन येतच नव्हते! कंपवाताच्या रोग्यांचे गंधज्ञान मंदावते अशी नोंद १९७५ मध्ये झाली, आणि पुढील तपासण्यांत दिसून आले की बहुतेकांना चाचणीपूर्वी या उणिवेची जाणीवच नसते. २००३ साली जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक आणि त्यांचे सहकारी यांनी मृतांच्या मेंदूंचा अभ्यास करून या रोगाच्या पायऱ्या मांडल्या. आल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे साठे प्रथम घ्राणकंदात आणि मेंदूच्या देठातील एका केंद्रात दिसतात. हालचालींचा तोल राखणारा भाग त्यानंतर ग्रासला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे हात थरथरू लागतो तेव्हा रोग बराच जुना झालेला असतो.

हानी नेमकी होते कशी, हा यातील सर्वांत मनोवेधक प्रश्न होय, आणि येथेच दाहाचा संबंध येतो. दाह म्हटले की सूज, लाली, ठणका डोळ्यांसमोर येतात. मेंदूतील हा दाह तसा नसतो. तो मंद, मूक आणि वर्षानुवर्षे चालणारा असतो. त्याचे मुख्य कर्ते म्हणजे मायक्रोग्लिया या पेशी. १९१९ मध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्यांची ओळख पटविली. मेंदूत फिरती गस्त घालणे, मेलेले अवशेष गिळणे, निरुपयोगी जोडण्या छाटणे ही त्यांची कामे. कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत या पेशी खवळलेल्या आढळतात हे कॅनडातील पॅट्रिक मॅकगीर यांनी १९८८ साली दाखविले. पण पडलेले घर आवरायला आलेले मजूर हेच घर पाडणारे होते काय, हा वाद तेथेच राहिला.

म्युनिकच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या वादात महत्त्वाचे वाटते. मेंदूच्या देठातील लोकस सिरुलियस या केंद्रातून काही तंतू घ्राणकंदापर्यंत येतात आणि वासाच्या संदेशांचे नियमन करतात. अल्झायमरसदृश विकृती असलेल्या उंदरांत हे तंतू आरंभीच अतिउत्तेजित होतात. त्यामुळे एरवी तंतूच्या आवरणाच्या आतल्या बाजूस असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूस येतो. मायक्रोग्लियाला ती 'हे टाकाऊ आहे' अशी खूण वाटते, आणि त्या जिवंत तंतूच गिळून टाकतात. उंदरांचे गंधज्ञान त्यामुळे खालावते. रोग्यांच्या मेंदूच्या ऊतींत आणि प्रतिमाचित्रणातही याला दुजोरा देणाऱ्या खुणा त्यांना आढळल्या. येथे तरी मजूर निर्दोष नाहीत असे म्हणावे लागेल. रोगाचे मूळ कारण नाकावाटेच आत शिरते, असाही एक तर्क २००७ मध्ये मांडला गेला. तो अद्याप सिद्ध झालेला नाही.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. होनोलूलू येथील जपानी वंशाच्या २,२६७ वृद्ध पुरुषांच्या पाहणीत, वास ओळखण्यात सर्वांत मागे असलेल्या चतुर्थांशात पहिल्या चार वर्षांत कंपवाताची शक्यता सुमारे पाचपट आढळली, ही गोष्ट खरी. पण आठ वर्षांपर्यंतच्या पाहणीत त्या सर्वांत मिळून कंपवात झाला तो ३५ जणांना! अमेरिकेतील १९८४ च्या एका अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांचे गंधज्ञान बरेच कमी झालेले आढळले. सर्दी, डोक्याचा मार, धूम्रपान ही कारणेही आहेतच. २०२० पासूनच्या कोविडच्या साथीत असंख्य लोकांचा वास गेला. तेथे मुख्यतः गंधपेशींच्या आधारपेशी दुखावल्या होत्या, आणि बहुतेकांचा वास परत आला.

चाचणीलाही संस्कृतीचा रंग असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या प्रसिद्ध चाचणीत ४० वास आहेत. कागद खरवडून वास घ्यायचा आणि चार पर्यायांतून नाव निवडायचे. त्यांत लवंग आणि गुलाब आहेत, तसेच रूट बिअर आणि शेपू घातलेले काकडीचे लोणचेही आहे. ग्वाल्हेरच्या किंवा बेळगावच्या आजोबांना हे वास ओळखता आले नाहीत तर तो नाकाचा दोष कसा म्हणावा? भारतीय संशोधकांनी आपल्या ओळखीच्या वासांवर चाचण्या बेतल्या आहेत, त्या याचसाठी.

कंपवातावर दिले जाणारे लेव्होडोपा हालचाल सुधारते, गेलेला वास आणीत नाही. २०१५ च्या निदाननिकषांत गंधहानीला पूरक लक्षणाचे स्थान मिळाले आहे. एकट्या तिच्यावरून निदान होत नाही. तथापि सर्दी नसताना वास गेला आणि तो परतला नाही, जोडीला बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे किंवा अक्षर बारीक होत जाणे दिसले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना ते सांगावे. घरात त्याआधीच एक व्यवस्था करून ठेवावी. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य मिसळतात, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाला नेमके तेच कळत नाही. अशा घरी गॅसगळती सांगणारा विजेचा भोंगा बसवावा आणि शिळे अन्न दुसऱ्या कोणाच्या नाकाने तपासून घ्यावे.